सतरा एकांचं कुंपण

वाघमारे सरांशी मी एका भागाकारात खोटं बोललो. ऐकणाऱ्याला हसू येईल. मलाही बरीच वर्षं त्यात हसण्यासारखंच काहीतरी वाटत होतं, म्हणून मी ते विसरूनही गेलो होतो. माणसं याहून मोठ्या गोष्टी करून मोकळी होतात. पण त्या एका भागाकारामुळे एका सज्जन माणसाची पुढची सोळा-सतरा वर्षं वाया गेली, आणि त्याचे डोळेही त्याच कामात गेले. सर गेल्या उन्हाळ्यात वारले. शाळेनं शोकसभा घेतली, मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी सरांच्या शिस्तीबद्दल बोललो, त्यांच्या साधेपणाबद्दल बोललो, आणि जे बोलायला हवं होतं ते सोडून खाली बसलो. ते इथे लिहितो आहे.

बीदरकडच्या हुलसूरच्या मराठी शाळेत सर गणित शिकवायचे. मी विज्ञानाला लागलो तेव्हा ते पन्नाशीच्या पुढे होते. उंच, जरा पुढे झुकलेले, शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा, त्यामुळे खिशाखाली पांढरा डाग. चालताना ओठ हलत असत. नवीन माणसाला वाटे, सर जप करताहेत. ते समोरून गेलेल्या गाडीचा नंबर फोडत असत.

"आकडा दिसला की त्याला इचारायचं, बाबा, तू कुणाकुणाचा हाईस?" असं ते मुलांना सांगत. "कुणी म्हणतो मी तीनचा न् सातचा. कुणी म्हणतो मी कुणाचाच न्हाई, मी मूळचा. मूळ संख्या भेटली की नमस्कार करायचा."

हे ते खरोखर करत. एकदा परीक्षेच्या कामाला आम्ही दोघं मन्नाएखेळ्ळीला गेलो होतो. परतताना हायवेवर चहाच्या टपरीपाशी बसची वाट बघत उभे होतो. एक ट्रक येऊन थांबला. सरांनी नंबर पाहिला आणि चक्क हात जोडले. ड्रायव्हर खाली उतरला तो हसतच.

"क्या मास्टर, मेरे कू पैचानते क्या?"

"तुमना नै भई. तुम्हारे नंबर कू."

ट्रकचा नंबर चार हजार सहाशे एकोणपन्नास होता. सरांनी त्याला तिथेच, टपरीच्या फळीवर खडूनं लिहून दाखवलं. सात वेळा एक लिहायचा: अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. या संख्येला फोडणारे दोघंच, दोनशे एकोणचाळीस आणि चार हजार सहाशे एकोणपन्नास. तिसरा कुणी नाही. ड्रायव्हरला काय समजलं कुणास ठाऊक, पण आपल्या ट्रककडे त्यानं वळून एकदा नव्यानं पाहिलं. आमच्या चहाचे पैसे त्यानंच दिले. जाताना खिडकीतून ओरडला, "मास्टर, घर में बोलतूं, अपना गाडी बडा आदमी है!"

एकच एक आकडा पुन्हा पुन्हा लिहून होणाऱ्या संख्यांचा सरांना नाद होता. पाच एक, सात एक, अकरा एक. नादाला कारण विचारलं तर ते टाळत. एकदाच बोलले. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. व्यासपीठावर खुर्च्या मांडल्या होत्या आणि कुणी कुठे बसायचं यावरून दोन मास्तरांत कुरबुर चालली होती. सर नेहमीसारखे अगदी कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी.

"सतरा एक लिव्हलेत समज," ते हळूच म्हणाले. "उजव्या कडंचा एक म्हणजे एक दाणा. डाव्या कडंचा एक म्हणजे मध्य. एकं, दहं, शतं करत गेलास की परार्धाच्या एक घर अलीकडं. किती मोठा! आता त्या दोघांची जागा बदल. संख्या हलली का?"

"नाही हलली, सर."

"मग कोण थोरला?"

उत्तरासाठी न थांबता ते समोर बघत म्हणाले, "आमच्या बापानं धम्म घेतला त्या साली मी शाळेत दाराजवळ बसायचो. उन्हाळ्यात लई गार वारं लागायचं तिथं." आणि हसले. विषय संपला.

सतरा एकांचं वेड त्यांना नेमकं कधी लागलं हे मला माहीत नाही. मी शाळेत आलो तेव्हा ते जुनंच होतं. दरवर्षी जूनमध्ये नव्या वर्गात पहिल्या दिवशी ते फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सतरा एक काढत. एका वर्षी एक पोरगी उठून म्हणाली, "सर, हे कुंपण हाय."

"व्हय. कुंपणच हाय," सर खूश झाले. "आता कुठं फट हाय का, ती हुडकायची."

फट म्हणजे अशी संख्या, की जिनं सतरा एकांना भागलं की बाकी शून्य उरते. दोननं भाग जात नाही, तीननं जात नाही, सातनं नाही, अकरानं नाही. अशी प्रत्येक संख्या घेऊन बसलं तर जन्म पुरायचा नाही. पण सरांकडे एक किल्ली होती. सतरा एकांना भागणारी मूळ संख्या असलीच तर ती चौतीसच्या पाढ्याच्या एक पाऊल पुढेच असते. म्हणजे चौतीसच्या पटीत एक मिळवायचा. का, ते सर दहावीच्या पोरांना समजावून देत, आणि आधी लहान कुंपणं दाखवून पटवत. सात एकांना फोडणारी दोनशे एकोणचाळीस ही संख्या चौदाच्या पाढ्याच्या एक पाऊल पुढे. अकरा एकांना फोडणारी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास ही बावीसच्या पाढ्याच्या एक पाऊल पुढे.

अकरा एक त्यांनी माझ्यासमोर नाही, त्याच्या फार आधी फोडले होते. पण त्या दिवसाची गोष्ट स्टाफरूममध्ये अजून सांगत. सर डब्यात गूळ-शेंगदाणे घेऊन आले आणि सगळ्यांच्या हातावर मूठ मूठ ठेवत फिरले. तेव्हाचे हेडमास्तर म्हणाले, "काय वाघमारे, घरात कोण पास झालं?"

"अकरा एक, सर."

"अकरा जण?"

"न्हाई सर. एकच हाय. लई दिवस अडून बसला व्हता."

त्या दिवसापासून काही मास्तर त्यांना पाठीमागे 'सतरा-एक सर' म्हणू लागले, कारण पुढे ते कुठे अडणार हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. तेरा एक त्रेपन्ननं फुटले, एका दुपारीच. चौदा, पंधरा, सोळा एक तर लहान कुंपणांनीच फुटतात; पुढचं खरं कुंपण सतराचं. आणि ते फुटेना.

रोज शाळेतून आलं की सर अंगणात लिंबाखाली बसत. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, एक पाट, आणि दोन भागाकार. दोनच. "जास्त केलं की हात चुकतोय. हात चुकला की फट दिसून बी निघून जाती." भागाकार संपला आणि बाकी उरली की ते मोठ्यानं म्हणत, "इल्ला." कानडीतलं नाही. सरांच्या बायकोला, कमळबाईंना, सगळं गाव अक्का म्हणायचं. त्या चुलीपाशी असल्या तरी रोज संध्याकाळी दोनदा त्यांच्या कानावर इल्ला पडे, आणि दुसऱ्या इल्लाला त्या चहाचं आधण ठेवत.

मी विचारलं होतं, "सर, मराठी मास्तर तुम्ही. नाही म्हणायला कानडी कामून?"

"मराठीत न्हाई म्हणलं की मनाला लागतंय, व्यंकट. कानडी कसं, शेजारणीवानी हाय. शेजारीण न्हाई म्हणली तर मानूस उद्या परत जातोय."

हे उत्तर कुठल्या तरी पुस्तकात असेल, मोठ्या शहरात कुणाला तरी ठाऊक असेल, हे सरांना कळत होतं. पुढे मोबाइल आले, सरांची मुलगी सुजाता म्हणाली, "अप्पा, मी बघून सांगते की, मिनिटाचं काम हाय." सरांनी तिला जवळजवळ दरडावलं. "जगात ठाऊक असंल. हुलसुरात न्हाई. इथल्या मानसाला ते भेटाय पाहिजे. मला उत्तर नको गं, मला भेट पाहिजे." त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही.

एकट्यानं हे होणार नाही हे मात्र त्यांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. दिवाळीच्या सुट्टीत जुने विद्यार्थी गावी येत, कुणी पुण्याहून, कुणी हैदराबादहून. ते सरांना भेटायला आले की सर प्रत्येकाला एक पट्टा देत. पट्टा म्हणजे हजाराचा एक तुकडा, त्यातल्या चौतीसच्या पाढ्यापुढच्या संख्या. तीन, पाच, सात, अकरा अशा लहानांनी भागल्या जाणाऱ्या आधीच गाळलेल्या. उरलेल्या दहाएक. एकेकीनं सतरा एकांना भागायचं आणि बाकी लिहून आणायची. कुणाला कुठला पट्टा, हे ते जन्मसालावरून ठरवत. बासष्ट सालच्याला त्या त्या लाखातला बासष्ट हजारचा, ऐंशी सालच्याला ऐंशी हजारचा. मोठमोठ्या हुद्द्यावरची माणसं हसत हसत तो कागद खिशात घालत आणि सुट्टी संपायच्या आत भागाकार करून देत. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

देताना सर सगळ्यांना एकच वाक्य सांगत. "केला तर बाकी लिव्हा. न्हाई झाला तर तसाच परत द्या, मी करतो. त्यात लाज न्हाई." हे वाक्य मला इतकं स्वच्छ आठवतं, की माझ्यापुढे पळवाट उरत नाही.

निवृत्तीच्या थोडं आधी सर वीस लाखांच्या पुढे पोचले होते. त्या दिवाळीला त्यांनी मला स्टाफरूममध्ये गाठलं. माझा जन्म एकाहत्तरचा.

"हे घे. वीस लाख एकाहत्तर हजार. मुद्दाम राखून ठेवला व्हता. तुझं साल हाय." थोडं थांबून, नजर दुसरीकडे करून म्हणाले, "रिटायर व्हायच्या आत फट घावली, न् ती तुझ्या हातानं घावली, तर मला बरं वाटंल."

मी तो कागद घेऊन कमठाण्याला सासुरवाडीला गेलो. पहिल्या दिवशी अंगणात बाज टाकून बसलो. एक भागाकार केला. दुसरा केला, तो चुकला, पुन्हा केला. सात आकडी संख्येनं सतरा आकड्यांना भागायचं म्हणजे पाठ धरते. तिसरा झाला आणि मेव्हण्यानं पत्ते खेळायला हाक मारली. मग सुट्टी कशी गेली कळलं नाही. कुठलं मोठं कारण नव्हतं. कुणी आजारी नव्हतं, कुठलं संकट नव्हतं. मला कंटाळा आला, एवढंच.

परतीच्या बसमध्ये कागदाची आठवण झाली. सात ओळी कोऱ्या होत्या. मी गुडघ्यावर कागद ठेवला आणि त्या भरल्या. मनाला येईल ते आकडे लिहिले. बाकी भाजकापेक्षा लहान असावी, एवढं भान मी खोटं लिहितानाही ठेवलं. बस हलत होती म्हणून अक्षर वाकडं आलं होतं. ते पाहून सरांना माझी कीव आली.

"बसमधी बी करत बसलास का रं?" ते म्हणाले. "तपासलास न्हवं?"

"दोनदा, सर."

त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. "इल्ला," ते म्हणाले. जरा मोठा श्वास घेतला, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू दे. पुढं असंल."

पुढे काही नव्हतं.

सर निवृत्त झाले. माझी बदली बीदरला झाली, नंतर कलबुर्गीला. दिवाळीत एक चक्कर मी चुकवत नसे. सर वीस लाख बहात्तर हजार, ऐंशी हजार, एकवीस लाख, बावीस लाख करत चालले होते. मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं. सरांनी बारीक काम बंद केलं, म्हणजे आकडे मोठे काढायला लागले. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी आणि जाड काळी पेनं. ती पेनं मी कलबुर्गीहून नेत असे, दर दिवाळीला एक पाकीट. अक्का माझ्यावर चिडत. "तुम्हीच लाडावता त्यांना, बिरादार मास्तर. डोळे चाललेत न् ह्यांचं एक एक संपंना." मी हसून पाकीट सरांच्या हातात ठेवी. ती पेनं आणताना मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत असे, हेही लिहून टाकतो.

नंतर कॅलेंडरावरचंही दिसेना. तेव्हा सर मनात करू लागले. एक भागाकार दोन-दोन दिवस चाले. मध्येच बाकी निसटे, मग पुन्हा पहिल्यापासून. अक्का सांगत, झोपेतही हातचे मोजतात. इल्ला मात्र तसंच मोठ्यानं. आता दिवसाला एखादं, कधी आठवड्याला एखादं.

माझी मुलगी केतकी इंजिनिअरिंगला आहे. एकदा जेवताना मी तिला सरांची गोष्ट सांगत होतो, मन्नाएखेळ्ळीचा ट्रक, गूळ-शेंगदाणे, अशी गमतीगमतीची. ती एका हातानं जेवत होती, दुसऱ्या हातानं मोबाइलवर काहीतरी करत होती. माझं बोलणं संपायच्या आत तिनं मोबाइल माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"हे बघा पप्पा. दोनच आहेत. छोटा हा आणि मोठा हा."

छोटा होता वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.

मी तो पुन्हा वाचला. एकाहत्तर हजार. मग उठलो, हात धुतले आणि गच्चीत जाऊन बसलो. माझ्या त्या कागदावर ही संख्या होती. तिच्यापुढे मी कुठली बाकी लिहिली होती ते मला आजही आठवत नाही. शून्य नव्हती, एवढं नक्की.

मी लगेच हुलसूरला गेलो असतो तर निदान तेवढं तरी माझ्या बाजूनं लिहिता आलं असतं. मी गेलो नाही. मी स्वतःला सांगत राहिलो, की सरांना उत्तर नकोच आहे, त्यांनी स्वतःच्या मुलीला गप्प बसवलं, मग मी कोण सांगणारा? हे कारण इतकं चांगलं होतं, की त्याच्या आडोशाला मी ती दिवाळीसुद्धा चुकवली. मग माघात अक्कांचा फोन आला.

"तुमची लई आठवण काढायलेत. जेवण तुटलंय. यायचं असंल तर येऊन जावा."

मी गेलो तेव्हा सर अंगणात बाजेवर उशीला टेकून बसले होते. अंगावर घोंगडी. डोळे उघडे होते, पण ते माझ्या आवाजाच्या जरा बाजूला बघत होते.

"व्यंकट? पेनं आणलास का?"

मी आणली होती. सवयीनं घेतली गेली होती.

"अक्काला दे. ती सुजाताच्या पोराला दील." ते हसले. "आता पेनाचं काम न्हाई. आता मी न् ते एक, दोघंच. बस."

मी बाजेच्या कडेला बसलो. बोलणं ठरवून आलो होतो, ते सगळं सोडून दिलं. मी म्हणालो, "सर, एक पट्टा परत द्यायचाय."

"कोणता?"

"वीस लाख एकाहत्तर हजारचा. माझ्या सालाचा."

"तो झालाय की. तू दोनदा तपासलायस."

सोळा-सतरा वर्षांपूर्वीचा माझा तो एक शब्द त्यांनी जपून ठेवला होता.

"केला नव्हता, सर. तीन केले. बाकीचे बसमध्ये बसून मनानं लिहिले."

लिंबाची वाळकी पानं घोंगडीवर पडत होती, ती सर एकेक उचलून बाजूला ठेवत होते. मग म्हणाले, "कामून? तसाच दिला असतास तर मी केला असता."

"लाज वाटली, सर."

"त्यात लाज न्हाई म्हणून सांगितलं व्हतं."

"हो."

"बरं. कर मग आता."

मी संख्या सांगितली. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. ती ऐकताच त्यांचा पान उचलणारा हात थांबला. "सात राहिले व्हते म्हणतोस. त्यातला एकच घेतलास," ते म्हणाले. त्यांना पुढे विचारायची गरज नव्हती. तरी ते म्हणाले, "चल. पहिल्यापासून. मला ऐकू दे."

मी अक्कांकडून कागद घेतला आणि मोठ्यानं भागाकार करू लागलो. पहिला भाग पाच. बाकी सात लाख बावन्न हजार चारशे शहाण्णव. वरून एक खाली घेतला. भाग तीन. वरून एक. भाग सहा. सर डोळे मिटून ऐकत होते, ओठ हलत होते, आणि दोनदा मी वजाबाकीत अडखळलो तेव्हा त्यांनी मला दुरुस्त केलं. वरून एक, वरून एक. माझा आवाज मला परका वाटत होता.

"बाकी चौदा लाख पन्नास हजार दोनशे सहा," मी म्हणालो.

"शेवटचा एक घे खाली."

"एक कोटी पंचेचाळीस लाख दोन हजार एकसष्ट."

"थांब. मी करतो." त्यांनी घोंगडीतून हात बाहेर काढला. बोटं पेरांवर चालू लागली. "सात त्रिक एकवीस, एकाला एक, हातचे दोन. सात दुणे चौदा न् दोन सोळा. सहा, हातचा एक. सात सत्ते एकोणपन्नास न् एक पन्नास..." आवाज बारीक होत गेला, मग नुसतेच ओठ. बोटं शेवटच्या पेरावर थांबली. कितीतरी वेळ ती तिथेच होती.

"हौदु," ते म्हणाले.

अक्का चुलीपुढून उठून दारात आल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या जागेवरून, त्या आवाजात, त्यांनी कधी कानडीतलं हो ऐकलं नव्हतं.

"काय म्हणलात?"

"फुटलं, कमळ. सतरा एक फुटलं." सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. खोल गेलेले गाल, दाढीचे पांढरे खुंट, आणि त्यावर दहावी पास झालेल्या पोराचं हसू. "डबा आण. गूळ आण."

अक्कांनी डबा आणला. सरांनी चाचपडत त्यातली मूठ भरली, माझा हात शोधला आणि पहिला वाटा माझ्या तळहातावर ठेवला. मला तो तोंडात घालता आला नाही. शेंगदाणे हातात तसेच राहिले. सरांना ते दिसत नव्हतं, पण चावल्याचा आवाज आला नाही हे त्यांना कळलं असावं. हसू हळूहळू ओसरलं.

"फट तिथंच व्हती," ते म्हणाले. "तू तिच्यापुढं उभा व्हतास."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"माझं सोड. मला ह्याच्याशिवाय दुसरं काय काम व्हतं? पण त्याच्या फुडच्या पट्ट्यांवर किती पोरांना बसवलं रं मी. दिवाळीच्या सुट्ट्या त्यांच्या. त्या पोरांनी खरं केलं, व्यंकट. एकेकानं खरं केलं." ते थांबले. धाप लागली होती. "त्यांना मी काय सांगू?"

मी बाजेवरून उतरलो आणि वाकून त्यांचे पाय धरायला गेलो. त्यांनी पाय घोंगडीत ओढून घेतले. पाया पडलेलं त्यांना कधीच चालत नसे, शाळेतही नाही.

"पाया नको. पाया पडलं की बोलायचं ऱ्हाऊन जातंय. तोंडानं बोल."

अक्का दारात उभ्या होत्या. मी उभा राहिलो. वर्गात ज्यानं उत्तर द्यायचं तो उभा राहायचा, तसा. हातातल्या शेंगदाण्यांना गूळ चिकटून तळवा ओला झाला होता.

"सर, मी खोटं बोललो. एकदा कागदावर आणि एकदा तुमच्या तोंडावर. दोनदा तपासलं म्हणालो, आणि सात भागाकार एकदाही केले नव्हते. माझ्या पट्ट्यापुढे ज्यांनी ज्यांनी खरं केलं, त्यांना सांगा की बिरादारनं केलं नव्हतं. माझं नाव घेऊन सांगा. आणि सर, मला माफ करा."